किर्कुकची न झालेली शिरगणती

कुर्द नावाचे लोक जगात आहेत हे मला वयाची तेहतीस वर्षं माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. कन्हानच्या पुढं मॅंगनीजच्या खाणीत मी ड्रिलिंगवर होतो. जमिनीत भोक पाडायचं, आतला दगड कांडीकांडीनं वर काढायचा, लाकडी पेटीत क्रमानं मांडायचा आणि खाली काय दडलंय ते साहेबांना सांगायचं, एवढं माझं शास्त्र. नागपुरात इंदोऱ्याचं घर, सकाळची बस, खाण, संध्याकाळची बस. त्र्याहत्तर साली इराकात एका धरणाच्या जागेची तपासणी निघाली, तिकडं असलीच भोकं पाडायला माणसं हवी होती, आणि आमच्या साहेबांनी माझं नि देवरावचं नाव पाठवलं.

देवराव कळमेश्वरचा. मशीनवर त्याचा हात बसलेला, पण तोंडाला त्याच्या विसावा नाही. पासपोर्टच्या फोटोत तो हसला म्हणून फोटो दोनदा काढावा लागला. घरच्यांचं काय विचारता? बायकोनं महिनाभर अबोला धरला आणि आईनं तिखटाची बरणी ट्रंकेत दडवून दिली. मुंबई ते बसरा बोट, बसरा ते बगदाद रेल्वे, हे सगळं मी गाळतो. बोटीत आठ दिवस मी आडवा होतो, त्यामुळं समुद्राबद्दल माझं मत चांगलं नाही.

किर्कुक

बगदादहून किर्कुकला जाणारी गाडी छोट्या रुळांची निघाली. देवराव हरखला. म्हणे, ही तर आपली इतवारीची गाडी, हिला इकडं कोणी आणली? डबे हलायचेही तसेच. पहाटे गाव जवळ आलं तेव्हा एका अंगाचं आभाळ तांबडं दिसत होतं. मला वाटलं, कुठंतरी मोठी आग लागली. समोरच्या म्हाताऱ्यानं हातानं खूण करून सांगितलं की ती आग कायमची आहे. तेलाच्या विहिरींवरचा वायू जळतो. विझवत नाहीत, कोणाला विझवायचीही नाही. त्या गावात मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा आधी त्या बाजूला बघायचो, ती सवयच लागली.

स्टेशनवर आम्हाला घ्यायला रशीद आला होता. हा आमचा दुभाषा. मूळचा शाळामास्तर, इंग्रजी नीट बोलणारा, सुरवारीसारखी घेरदार विजार, कमरेला हातभर रुंद कापडाचा पट्टा गुंडाळलेला, आणि मिश्या अशा की देवरावनं मागं उभं राहून मला दोनदा कोपर मारलं. मास्तरला तिकडं 'मामोस्ता' म्हणतात आणि त्या शब्दाला वजन आहे. आपल्याकडं मास्तर दिसला की लोक रस्ता बदलतात, मुलाचं काय सांगेल कोण जाणे म्हणून. तिकडं दुकानदार उठून उभे राहत. मला तो 'काक मधुकर' म्हणू लागला. काक म्हणजे मोठा भाऊ. वयानं तो माझ्याहून चार वर्षांनी मोठाच होता, पण पाहुण्याला वरचा मान.

डोंगरात जायच्या आधी त्यानं आम्हाला आईच्या घरी नेलं. शोरजा नावाच्या कुर्द वस्तीत दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात डाळिंब आणि अंजीर. आई साठीची, बुटकी, डोक्याला काळा रुमाल, हसताना तोंडावर हात धरणारी. रशीद तिला 'दाये' म्हणे, म्हणजे आई. आम्हीही दाये म्हणायला लागलो. तिनं आमचं स्वागत केलं, बसवलं आणि ती स्वतः उंबऱ्यातच बसली, रस्त्याकडं तोंड करून. मला वाटलं, बायकांनी परक्या पुरुषांसमोर आत न बसण्याची रीत असेल. रशीदनं नंतर सांगितलं ते वेगळंच होतं. ती शिरगणतीवाल्याची वाट बघत होती, तीन वर्षं.

ही गोष्ट समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बगदादच्या सरकारचं आणि कुर्द पुढाऱ्यांचं सत्तर साली एक ठरलं. चार वर्षांच्या आत कुर्दांना त्यांच्या मुलखात स्वतःचा कारभार मिळेल. मुलूख कोणता? जिथं कुर्द जास्त, तो. ते ठरवायचं कसं? माणसं मोजून. डोंगरातली गावं सरळ होती. भानगड किर्कुकची. तिथं कुर्द, अरब, तुर्कमान सगळे एकाच गल्लीत, आणि सगळ्यांच्या पायाखाली तेल. मोजणीची तारीख निघे आणि पुढं जाई, पुन्हा निघे आणि पुन्हा पुढं जाई. तोवर दक्षिणेतून अरब कुटुंबं आणून वसवायची आणि कुर्दांना या ना त्या कारणानं गावाबाहेर काढायचं, असं चाललंय, असं रशीद सांगे.

दायेची धाकटी बहीण सीरियात दिली होती. तिथं दहाएक वर्षांपूर्वी सरकारनं एका दिवसात कुर्द मुलखाची मोजणी केली. बहीण त्या दिवशी दुसऱ्या गावी लग्नाला गेली होती. परत आली तर यादीत नाव नाही, आणि त्या दिवसापासून ती स्वतःच्या घराच्या दारातच परदेशी ठरली. ना रेशन, ना मुलांना नोकरी. म्हणून किर्कुकच्या मोजणीचं निघाल्यापासून दायेनं घर सोडलं नव्हतं. नातीच्या बारशालासुद्धा ती मुलाच्या घरी गेली नाही. मोजणीवाला आला आणि मी दारात नसले तर, एवढाच तिचा सवाल होता.

डोंगरात

आमचा तळ सुलेमानियाच्या पलीकडं एका खोऱ्यात होता. रशीदचं घर तिथून तासाभरावरच्या गावात, त्यामुळं आम्ही दर आठवड्याला त्याच्याकडं पाहुणे. मी विदर्भाचा माणूस. डोंगर म्हणजे रामटेकची टेकडी अशी माझी कल्पना. इथं डोंगरामागं डोंगर, त्याच्यामागं बर्फाचा डोंगर आणि त्याच्यामागं इराण. ओढ्याकाठी अक्रोडाची झाडं, त्यांची पानं पिवळी पडत चालली होती. पाणी इतकं गार की मशीनला घालायच्या आधी आम्ही तोंडाला लावायचो. मला तिथं फार बरं वाटलं. इतकं बरं मला घराबाहेर कुठं वाटलं नव्हतं आणि पुढंही वाटलं नाही.

जेवणाचं सांगतो. तिकडं उलट्या लोखंडी तव्यावर पोळी भाजतात, पातळ, हातभर रुंद. पहिल्या दिवशी तळावरच्या आमच्या बंगलोरच्या साहेबांनी ती रुमाल समजून मांडीवर पसरली. आम्ही दोघं मात्र ओळखून होतो. आमच्याकडं उलट्या मडक्यावर लांबपोळी होते ती हीच की! देवराव उठला, रशीदच्या घरच्या बायकांकडून कणकेचा गोळा मागितला आणि हातांवर झुलवून दाखवायला लागला. दोन हेलकावे बरे गेले. तिसऱ्याला पोळी कोपरापासून फाटून त्याच्या अंगावर पडली. त्या घरात मग आम्ही कधीही गेलो की बायका आधी हसायच्या आणि मग 'कसे आहात' विचारायच्या. द्राक्षाच्या पानांत भात भरून शिजवतात ते मला चमकोऱ्याच्या, म्हणजे अळूच्या, वड्यांची आठवण करून देई, आणि मस्ताव म्हणजे आपला मठ्ठाच, फक्त त्यात बर्फ. चहाला साखर घालत नाहीत. खडा दातात धरून वरून चहा प्यायचा. माझा खडा पहिल्याच घोटात विरघळायचा आणि बाकीचा चहा कडू जायचा. आईच्या तिखटाची बरणी मात्र रशीदनं एकदा बोटानं चाखली आणि तासभर ओढ्यावर बसून राहिला.

बोलताना गंमत व्हायची. त्यांचे आकडे आपल्या भाऊबंदांचे. पेन्ज, शेश, हश्त, नो. नाव विचारायचं तर शब्द 'नाव'च. रशीद म्हणे, तुम्ही आमचे हरवलेले नातेवाईक आहात. देवराव म्हणे, मंग वाटणीत आम्हाले एक डोंगर द्या.

रस्त्यावर पेशमर्गांची ठाणी असत. पेशमर्गा म्हणजे कुर्दांचे लढवय्ये, डोंगरात त्यांचाच अंमल. पुलाच्या अलीकडं सरकारचा शिपाई कागद बघे, पलीकडं पेशमर्गा बघे, आणि दोघेही चहा विचारत. चार वर्षांची मुदत संपत आली होती. संध्याकाळी काम थांबलं की रशीद दगडाच्या पेटीच्या झाकणावर खडूनं नकाशा काढी. मध्ये कुर्दांचा मुलूख, आणि त्याला फाडत गेलेल्या चार रेघा: तुर्कस्तान, इराण, इराक, सीरिया. तो म्हणे, तुर्कस्तानात आम्हाला कुर्द म्हणायची सोय नाही, तिथं आम्ही डोंगरी तुर्क. सीरियात परदेशी. इराणचा शहा आपल्या घरच्या कुर्दांची तोंडं बंद करतो आणि आम्हाला मात्र बंदुका देतो, कारण त्याला बगदादच्या अंगात काटा टोचत ठेवायचाय. मी विचारलं, मग उद्या शहाचं नि बगदादचं जमलं तर? तो खडू बोटांत फिरवत म्हणाला की त्या दिवशी आम्ही नसू.

देवरावला हे पटेना. त्यानं सरळ विचारलं, "एवढे लोक हायेत, एक बोली हाये, मंग यायले राज्य काहून देत नाही?" मी त्याला म्हटलं, बाबा, एकानं दिलं तर बाकी तिघांच्या घराच्या भिंती हलतात. एका कुर्दाला राज्य मिळालं की तुर्कस्तानातला म्हणेल मलाही, इराणातला म्हणेल मलाही. म्हणून हे चौघं एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण कुर्दांचा विषय निघाला की एका पंगतीला बसतात. मोठे देशही तसेच. त्यांना तेल हवं आणि शांतता हवी, आणि ज्यांच्या अंगावरून ती शांतता जाते त्यांना कोणी विचारत नाही. हे शहाणपण मला झाकणावरच्या त्या नकाशानंच दिलं होतं, मी आपलं नागपुरी करून सांगितलं.

मग देवरावनं विदर्भ काढला. आपल्यालेही वेगळं राज्य देतो म्हणले होते, आयोगानं लिहून देल्लं होतं, अन् राजधानी गेली ते गेलीच. रशीदला हे फार आवडलं. त्यानं खोदून खोदून विचारलं: तुमच्या गावाची राजधानी गेली तेव्हा किती माणसं मारली? विमानं आली का? आम्ही म्हटलं, नाही बा, मोर्चा निघाला, भाषणं झाली, महाल नावाच्या पेठेत दुकानं बंद राहिली, संध्याकाळी उघडली. तो म्हणाला की असं भांडण आम्हाला मिळालं असतं तर आम्ही शंभर वर्षं भांडलो असतो. मला तेव्हा आपल्या देशाचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी त्याच्यासमोर थोडी लाजही वाटली.

पुन्हा किर्कुक

फेब्रुवारीत बर्फानं मशीनचे पाइप फुटले आणि काम बंद पडलं. खोऱ्यात बायका पोतीच्या पोती गहू आत सरकवत होत्या. मार्चात मुदत संपणार आणि लढाई जुंपणार, हे सगळ्यांना कळलेलं होतं. रशीद एका सकाळी माझ्या तंबूत आला आणि बसून राहिला. त्यानं ठरवलं होतं, लढाई लागली तर तो डोंगरात राहणार, शाळा डोंगरात चालवणार. पण आई किर्कुकात, सरकारच्या हातात. तिला काढायची तर आत्ताच. तो पाच वेळा जाऊन आला होता, ती हलत नव्हती.

"तू माग," तो मला म्हणाला. "घरी जेवलेल्या पाहुण्यानं काही मागितलं तर तिनं आजवर नाही म्हटलेलं नाही. तू म्हण, मुलाच्या घरी चल."

त्यांच्यात ही रीत होती खरी. पाहुण्यानं काही म्हटलं की 'सर चाव' म्हणायचं, म्हणजे डोळ्यांवर. मी एकदा भिंतीवरच्या घोंगडीचं नुसतं कौतुक केलं तर ती माझ्या ट्रंकेत आली होती. मी म्हटलं, एवढंच ना, मागतो.

रशीद आणि मी, दोघंच गेलो. दायेनं रॉकेलच्या चुलीजवळ मला बसवलं, पानांतला भात वाढला, मी दोनदा घेतला. ती उंबऱ्यातच. थंडीनं दार लावायची सोय नव्हती, कारण रस्ता दिसला पाहिजे. जेवण झालं तसं रशीदनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडणार, एवढ्यात ती उठली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. आत जुना सरकारी कागद होता, सत्तावन सालच्या मोजणीचा. त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव, तिचं नाव, गाव किर्कुक. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव कुठल्या ओळीत आहे हे ती बोट ठेवून दाखवायची. कागद परत घडी घालत तिनं विचारलं: तुमच्या देशात माणसं मोजतात का? आणि तुमच्या बापाला मोजलं होतं का?

इथं मी चुकलो. एका शब्दात 'हो' म्हणून माझ्या मागणीकडं वळायला हवं होतं. पण बापूंचं नाव निघालं की माझा तोंडावर ताबा राहत नाही. बापू गिरणीत कामाला, छप्पन साली आम्ही सगळ्यांनी नागपुरातच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि एकसष्टला शिरगणती आली. वस्तीत बोभाटा झाला होता की मोजणारे धर्माच्या रकान्यात विचारल्याशिवायच जुना धर्म टाकून देतात. बापूंनी त्या दिवशी पाळी बुडवली. धुतलेलं धोतर नेसून सकाळपासून दारात बसले, पाण्यालाही उठले नाहीत. दुपार टळल्यावर मोजणारे मास्तर आले. विचारायच्या आधीच त्यांनी जुना धर्म लिहून टाकला होता. बापूंनी ते खोडायला लावलं. म्हणाले, "बौद्ध लिहा. माह्या समोर लिहा, आन् मोठ्यानं वाचा." मास्तरांनी लिहिलं, मोठ्यानं वाचलं, तेव्हा कुठं बापू दारातून उठले. वारले तोवर ते सांगायचे की दीक्षा घेतली तो एक दिवस आणि ती लिहून घेतली तो दुसरा दिवस.

मी सांगत होतो आणि रशीद ओळीओळीनं तिला कुर्दीत सांगत होता. मध्येच माझ्या लक्षात आलं की त्याचा चेहरा उतरत चाललाय. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारा तो एकटाच होता. काहीही बदलून सांगितलं असतं, माझ्या बापाला दारातून उठवून मुलाच्या घरी धाडलं असतं, तर मला कळलं नसतं आणि तिलाही कळलं नसतं. त्यानं एक शब्द बदलला नाही. मला हे दिसत होतं, तरी मी शेवटपर्यंत सांगितलं, कारण ती ऐकत होती. इतक्या मन लावून बापूंची गोष्ट कोणी ऐकली नव्हती, माझ्या बायकोनंसुद्धा नाही.

मग मी माझी मागणी केली. म्हटलं, दाये, लढाई येतेय, माझं ऐक, मुलाच्या घरी चल. तिनं दोन्ही हात डोळ्यांना लावले, 'सर चाव' म्हणाली, आणि तोंडावर हात धरून हसली. पुढं जे बोलली ते रशीदनं भिंतीकडं बघत मला सांगितलं. "पाहुण्यानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली मी डोळ्यांवर ठेवली. दुसरीला आता जागा नाही."

परतताना रशीदनं मला एकही बोल लावला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. वाटेत चेमचेमाल गावाच्या चढावर गाडी गरम झाली, आम्ही खाली उतरलो, त्यानं मला सिगरेट दिली आणि स्वतःचीही पेटवली. मी माफी मागितली. तो म्हणाला की तुझा बाप मोठा माणूस होता. त्यानं हे मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच मला तिथल्या तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नागपूर

मार्चात लढाई लागली. आम्हा हिंदी माणसांना त्याच्या आधीच बगदादला आणलं आणि एप्रिलात घरी धाडलं. कांड्या भरलेल्या पेट्या खोऱ्यातच राहिल्या. देवरावनं त्या एकूणएक झाकून, वर दगड ठेवून, नंबर वाचता येतील अशा लावल्या होत्या. रशीद पुलापर्यंत आला होता. त्यानं आम्हा दोघांच्या खिशात मूठ मूठ अक्रोड घातले.

पुढच्या वर्षी, पंचाहत्तरच्या मार्चात, मी महालातल्या एका चहाच्या दुकानात पेपर वाचत होतो. आतल्या पानावर चार ओळी होत्या. इराणचा शहा आणि बगदाद यांचं एका नदीच्या हद्दीवरून जमलं होतं. लोक पान उलटून सिनेमाची जाहिरात बघत होते. मला रशीदचा खडू आठवला आणि चहा तसाच ठेवून मी देवरावकडं कळमेश्वरला गेलो. त्यालाही मी वाचून दाखवलं. त्यानं पेपर माझ्या हातातून घेऊन त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. शहानं एका दिवसात हात काढला आणि काही दिवसांत कुर्दांची लढाई बसली. लाखभर माणसं बर्फातून इराणात गेली, असं नंतर कोणीतरी सांगितलं. आकडा खरा की खोटा, कोणाला माहीत. ती काही कोणी मोजली नव्हती.

रशीदचं पत्र आलं अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीच्या सुमारास, इराणातून. तो बायकामुलांसह निर्वासितांच्या छावणीत शाळा चालवत होता. धाकटी मुलगी वाटेत थंडीनं गेली होती. आई किर्कुकातच राहिली होती. तिची गल्ली रिकामी केली तेव्हा तिलाही बिछान्यासकट लॉरीत घालून दक्षिणेला, अरब मुलखातल्या एका गावी नेऊन टाकलं. रशीदनं लिहिलं होतं: तू तेव्हा बोलला नसतास तर ती माझ्याबरोबर आली असती, आणि त्या घाटात आम्ही दोघींना पुरलं असतं. म्हणून तू मनाला लावून घेऊ नकोस. हे वाचून मी किती वेळ रडलो ते सांगत नाही.

पण पत्र लिहिण्याचं कारण वेगळं होतं. दायेचं एक पत्र कोणा ट्रक ड्रायव्हरच्या हातून फिरत फिरत त्याला मिळालं होतं. तिनं ते तिथल्याच एका कुर्द मास्तरकडून लिहून घेतलं होतं. तोही तिच्यासारखाच तिकडं आणून टाकलेला. पत्रात ती आनंदात होती. सत्याहत्तरात इराकात शिरगणती झाली. मोजणारा दारात आला, ती दारातच बसलेली होती. तिनं त्याला सत्तावन सालचा कागद दाखवला. माझ्यासमोर लिही म्हणाली. कुर्द लिही, किर्कुकची लिही. आणि मोठ्यानं वाच. त्यानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं: कुर्द, किर्कुक. तिनं त्याला चहा दिला. रशीदला निरोप होता: त्या हिंदी पाहुण्याला कळव, त्याच्या बापानं केलं तसंच मी केलं, माझं काम झालं.

खाली त्या मास्तरनं स्वतःच्या दोन ओळी घातल्या होत्या, ज्या तिला वाचता येणार नव्हत्या. तो मोजणीच्या कचेरीत नकला उतरवायला होता. तिचा कागद त्यानं पाहिला. त्यावर 'अरब' लिहिलेलं होतं.

रशीदचं एकच मागणं होतं. मी तिला अभिनंदनाचं पत्र लिहावं, इंग्रजीत. तो कुर्दीत उतरवून पाठवील. तिला खरं सांगू नये.

मी महिनाभर ते पत्र लिहिलं नाही. लोक विचारतात, कुर्दांना राज्य मिळालं तर त्या चार देशांचं काय होईल. मला मत आहे, तासभर बोलू शकतो. पण मी बोलायला लागलो की मला तो उंबरा दिसतो आणि आम्हा बापलेकांच्या त्या दिवसातलं जे मी तिला सांगितलं नाही, ते आठवतं.

एकसष्ट साली मास्तरांनी रकाना भरला आणि बापूंनी वाचायला सांगितलं, तेव्हा मास्तर पहिल्याच खेपेला मोठ्यानं 'बौद्ध' म्हणाले होते. कागदावर जुनाच धर्म होता. बापूंना अक्षर येत नव्हतं. त्यांचं समाधान झालं, ते उठले, आत चहा ठेवायला सांगितलं. मी मास्तरांच्या खुर्चीमागं उभा होतो, वीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला. मला कागद दिसला. मी म्हटलं, बापू, हे तसं लिहिलेलं नाही. तेव्हा ते खोडलं गेलं आणि नीट लिहिलं गेलं. ही गोष्ट सांगताना मी नेहमी स्वतःला त्यातून काढतो. माझा बाप फसला होता, हे चार लोकांत सांगायला जीभ रेटत नाही.

शेवटी मी पत्र लिहिलं. दाये, वाचून फार आनंद झाला, बापू असते तर त्यांनाही झाला असता, असं लिहिलं. मग दुसऱ्या कागदावर रशीदला सगळं खरं लिहिलं: की मोठ्यानं वाचायला लावणं पुरत नाही, वाचणारा आपला माणूस मागं उभा असावा लागतो, आणि हे मला माहीत असून त्या दुपारी मी बापाच्या मोठेपणासाठी ते गाळलं. दोन्ही कागद एकाच पाकिटात घातले आणि पोस्टात टाकले.